आंतोन द बारी : आधी रोग की आधी बुरशी?



गव्हावर तांबेरा आला, बटाट्यावर करपा पडला, ज्वारीला काणी लागली, द्राक्षाला केवडा झाला, असं आपण गावाकडे अगदी सहज म्हणतो. लगेच पुढचा प्रश्न असतो, फवारणी कशाची करायची? म्हणजे हे रोग बुरशीमुळे होतात हे आपण धरूनच चालतो. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी जगातले बरेचसे मोठे विद्वान याच्या बरोबर उलट मानत होते. त्यांच्या मते झाड आधी आजारी पडतं आणि मग त्याच्या बिघडलेल्या अंगातून बुरशी उगवते. आधी रोग, नंतर बुरशी. हा उलटा क्रम ज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून सुलटा केला, त्या आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाची ओळख आज करून घेऊया.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हा वाद नुसता पुस्तकी नव्हता. १८४५ साली युरोपात बटाट्यावर एक नवाच रोग आला. पानांवर काळपट डाग पडायचे, ओल्या हवेत पानांच्या खालच्या बाजूला पांढुरकी लव दिसायची, आणि काही दिवसांतच सगळं शेत काळं पडून कुजायचं. जमिनीतले कंदही सडायचे. आयर्लंडमधली गरीब माणसं जवळजवळ बटाट्यावरच जगत होती. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत तिथे सुमारे १० लाख माणसं उपासमारीनं आणि साथीच्या रोगांनी मेली, आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. या मरणाला फक्त बटाट्याचा रोग कारणीभूत नव्हता. जमीनदारी आणि सरकारी धोरणंही तितकीच कारणीभूत होती, हे मुलांना सांगताना विसरू नये. पण सुरुवात त्या काळ्या डागापासून झाली.

हा डाग कशामुळे पडतो? कुणी म्हणालं पावसामुळे. जॉन लिंडली हे त्या वेळचे इंग्लंडमधले नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचं मत असं, की सततच्या ओल्या हवेत झाडानं जास्त पाणी शोषलं आणि ते कुजलं. माइल्स बर्कली नावाचे एक धर्मगुरू होते, त्यांना बुरशीचा चांगला अभ्यास. त्यांनी १८४६ मध्ये लिहिलं की ही लव म्हणजे बुरशी आहे आणि तीच रोगाचं कारण आहे. पण त्यांच्याकडे प्रयोगाचा पुरावा नव्हता. त्यामुळे बहुतेकांनी ते मानलं नाही.

न मानण्याला कारणही होतं, ते बघा. निर्जीव किंवा कुजक्या पदार्थातून जीव आपोआप तयार होतात ही समजूत तेव्हा पुष्कळांच्या मनात पक्की होती. फ्रान्झ उंगर नावाच्या एका विद्वानानं १८३३ मध्ये असं मांडलं होतं, की तांब्यासारखे डाग म्हणजे झाडाच्याच पेशींतून फुटलेलं पुरळ आहे. माणसाच्या अंगावर गोवर उठतो ना, तसं. आपल्याला आज हसू येईल, पण पुरळ हा आजाराचा परिणाम असतो, कारण नसतो, हा विचार तसा तर्काला धरूनच होता. त्याआधी १८०७ मध्ये बेनेदिक्त प्रेवो या स्विस माणसानं गव्हाच्या काजळीसारख्या रोगावर प्रयोग करून बीजाणूच रोग पसरवतात असं दाखवलं होतं. त्याच्याकडेही दुर्लक्ष झालं.

आयर्लंडमध्ये हे चाललं होतं तेव्हा आंतोन शाळकरी मुलगा होता.

त्यांचा जन्म २६ जानेवारी १८३१ रोजी जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट शहरात झाला. वडील डॉक्टर, आणि घरात दहा भावंडं. वडिलांनी एक चांगलं केलं. शहरातली निसर्गाची आवड असलेली मंडळी आसपासच्या रानात वनस्पती गोळा करायला जायची, त्यांच्याबरोबर ते या मुलाला पाठवू लागले. त्या मंडळींत गेओर्ग फ्रेजेनियुस नावाचे डॉक्टर होते. ते फ्रांकफुर्टच्या झेंकेनबर्ग संस्थेत वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि शेवाळं, बुरशी यांसारख्या बिनफुलांच्या वनस्पती हा त्यांचा खास विषय होता. सगळे फुलं गोळा करत असताना हा मुलगा डबक्यातलं हिरवं पाणी आणि ओंडक्यावरची बुरशी घेऊन घरी येऊ लागला, तो यांच्यामुळे. पालकहो, मुलाला शिबिरात घालण्यापेक्षा एखाद्या जाणत्या माणसाच्या मागे चार रविवार फिरू देणं कधी कधी जास्त उपयोगी पडतं, असं मला तरी वाटतं.

शाळा संपल्यावर घरच्या वळणानुसार त्यांनी वैद्यकशास्त्र घेतलं. हायडेलबर्ग, मारबुर्ग आणि शेवटी बर्लिन. बर्लिनला आलेक्झांडर ब्राउन हे वनस्पतिशास्त्राचे शिक्षक भेटले आणि जुनी आवड पुन्हा वर आली. १८५३ मध्ये त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता वनस्पतींमधलं लैंगिक प्रजनन! वैद्यकाच्या पदवीला हा विषय, यावरूनच मन कुठे होतं ते कळतं. त्याच वर्षी त्यांनी काणी आणि तांबेरा या रोगांच्या बुरशींवर एक पुस्तक लिहिलं. वय वर्षं बावीस.

या पुस्तकात त्यांनी काय केलं? रोगट पानांचे आणि कणसांचे पातळ काप घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकच गोष्ट शोधली. बुरशीचा धागा कुठून सुरू होतो? जर बुरशी झाडाच्या पेशीतून फुटत असेल, तर कुठेतरी पेशीचा आणि धाग्याचा सांधा दिसायला हवा. तो कुठेच दिसला नाही. धागे पेशींच्या मधून वेगळे जाताना दिसले. त्यांची भिंत वेगळी, आतला जीवद्रव वेगळा, फांद्या फुटण्याची रीत वेगळी. शेवटी बाहेर येऊन फुटणारे बीजाणू या धाग्यांवरच तयार झालेले. म्हणजे हा पाहुणा आहे, घरातला माणूस नव्हे. पण पाहुणा आत शिरला कसा हे अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

फ्रांकफुर्टमध्ये त्यांनी थोडे दिवस डॉक्टरकी केली, पण ती लवकरच सोडली आणि ट्यूबिंगेनला वनस्पतिशास्त्र शिकवायला गेले. १८५५ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठात आले. तिथे त्यांनी वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. विद्यार्थ्यानं स्वतः सूक्ष्मदर्शकाशी बसून काम करायचं, अशा पहिल्यावहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक होती. १८६१ साली त्यांचं लग्न झालं, पुढे चार मुलं झाली. त्याच १८६१ मध्ये बटाट्याच्या रोगावरचं त्यांचं छोटंसं पुस्तक बाहेर आलं. आपल्या विषयाचा गाभा हा आहे, म्हणून इथे जरा थांबूया.

तुम्ही भिंग घेऊन करपा पडलेल्या बटाट्याचं पान पाहिलं तर डागाच्या कडेला, पानाच्या खालच्या बाजूला बारीक पांढरी लव दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली ही लव म्हणजे छोटी छोटी झाडंच वाटतात. पानाच्या श्वासरंध्रातून, म्हणजे ज्या छिद्रांतून पान हवा घेतं त्यातून, धागे बाहेर येतात. त्यांना फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला लिंबाच्या आकाराची एक पिशवी लागते. ही बीजाणूंची पिशवी. ती हलकी असते, वाऱ्यानं किंवा पावसाच्या शिंतोड्यानं सहज सुटते. धाग्याची जाडी आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी.

द बारींनी या पिशव्या पाण्याच्या थेंबात ठेवल्या आणि बघत बसले. थंड पाण्यात थोड्या वेळानं पिशवीच्या आतला जीवद्रव तुकड्या-तुकड्यांत वाटला जातो. मग टोकाचं छोटं तोंड उघडतं आणि आतून आठ-दहा इवले जीव बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या. ते पाण्यात चक्क पोहतात! ही काही कल्पना नाही, थंड आणि ओल्या हवेत कुठल्याही करपलेल्या पानावर हे घडतं. थोडा वेळ पोहून ते थांबतात, शेपट्या टाकून देतात, भोवती भिंत तयार करतात आणि गोल होतात. मग त्यातून एक बारीक नळी फुटते. ती नळी पानाच्या वरच्या थराच्या पेशीची भिंत भेदते आणि आत जाते. बाहेर राहते फक्त रिकामी टरफल.

हाच तो क्षण जो कुणी पाहिलेला नव्हता. पान निरोगी आहे, हिरवं आहे, कुजलेलं नाही. तरी नळी आत जाते. आणि डाग पडतो तो त्यानंतर.

पण फक्त पाहून ते थांबले नाहीत. त्यांनी निरोगी झाडं घेतली आणि एकसारख्या दमट हवेत ठेवली. काहींच्या पानांवर बीजाणू सोडले, काहींवर नाही. बीजाणू टाकलेल्या पानांवर ठराविक दिवसांत डाग पडले, लव आली. बाकीची तशीच दमट हवा खाऊन हिरवीगार राहिली. आता सांगा, रोग हवेमुळे की बुरशीमुळे? तिसरी-चौथीच्या मुलांनाही हे समजतं, कारण दोन्हींत फरक फक्त एका गोष्टीचा ठेवला आहे. वर्गात हे करून बघायला बटाट्याची झाडं लागत नाहीत. दोन झाकणाच्या पारदर्शक डब्यांत ओलसर भाकरीचे किंवा ब्रेडचे तुकडे ठेवा. एका तुकड्यावर आधीच बुरशी आलेल्या ब्रेडचा कण ठेवा, दुसऱ्यावर काही नाही. मुलांना रोज बाहेरूनच भिंगातून बघायला सांगा आणि चित्र काढायला लावा. दुसऱ्या तुकड्यावरही काही दिवसांनी हवेतल्या बीजाणूंमुळे बुरशी येईलच, मग ती कुठून आली यावर चांगली चर्चा होते. डबे मात्र उघडायचे नाहीत आणि शेवटी तसेच टाकून द्यायचे.

द बारींनी त्याच कामात आणखी दाखवलं, की पानांवरून गळून पडलेले बीजाणू पाण्याबरोबर मातीत झिरपतात आणि कंदाला लागतात. आणि रोगाचा धागा कंदात हिवाळाभर जिवंत राहू शकतो, तेच कंद बेणं म्हणून लावले की रोग पुन्हा शेतात. म्हणून बेणं निरोगी हवं. हे आपले शेतकरी आजही एकमेकांना सांगतात.

या जीवाच्या पेशीरचनेबद्दल एक गमतीची गोष्ट आहे. त्याच्या धाग्यात आडव्या भिंती जवळजवळ नसतात. खोल्या न पाडलेल्या लांबच लांब नळीसारखा धागा, आत जीवद्रव आणि त्यात असंख्य केंद्रकं. तांबेऱ्याच्या धाग्यात मात्र ठराविक अंतरावर आडव्या भिंती असतात, रेल्वेच्या डब्यांसारख्या. शिवाय पोहणारे दोन शेपट्यांचे जीव शेवाळांमध्ये दिसतात तसेच. द बारींच्या हे साम्य लक्षात आलं होतं. अशा जीवांच्या गटाला त्यांनी जे नाव दिलं त्याचा अर्थच शेवाळ-बुरशी असा होतो. पुढच्या शतकात कळलं, की खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, म्हणजे झुरळाच्या कवचात असतं ते, पण या करप्याच्या जीवाच्या भिंतीत मुख्यतः सेल्युलोज आणि त्याच्या जवळचे पदार्थ असतात. आज शास्त्रज्ञ याला खरी बुरशी मानतच नाहीत, तपकिरी शेवाळांचा दूरचा नातेवाईक मानतात. म्हणूनच खऱ्या बुरशीवर चालणारी काही औषधं या करप्यावर चालत नाहीत. आपण सवयीनं बुरशी म्हणतो, म्हणूया, पण हुशार मुलानं विचारलं तर उत्तर तयार असावं.

आत गेलेला धागा खातो काय? इथे द बारींनी आणखी एक गोष्ट नीट पाहिली. धागा पेशींच्या मधल्या फटींतून जातो आणि मधूनच शेजारच्या पेशीत एक छोटं बोंड घुसवतो. काही जातींत ते गोल गाठीसारखं असतं, काहींत बोटासारखं, काहींत फांद्या फुटलेलं. १८६३ मध्ये त्यांनी याला हॉस्टोरियम असं नाव दिलं. पाणी शेंदणाऱ्यासाठी जो लॅटिन शब्द आहे त्यावरून. पोहराच म्हणा ना! विहिरीत पोहरा सोडावा तसा हा अवयव पेशीत सोडलेला असतो. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर दिसलं, की हा पोहरा पेशीची भिंत भेदतो पण तिचं आतलं नाजूक पटल फाडत नाही. पटल आत दबून त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. पेशी जिवंत राहते आणि जिवंत राहूनच खाऊ पुरवत राहते. तांबेऱ्यासारख्या बुरशीला मेलेलं झाड नकोच असतं.

आता तांबेऱ्याकडे येऊ. ही गोष्ट मला त्यांच्या कामातली सगळ्यात सुंदर वाटते.

युरोपात शेतकऱ्यांची फार जुनी तक्रार होती, की बारबेरी नावाचं काटेरी झुडूप कुंपणाला असेल तर शेजारच्या गव्हावर तांबेरा जास्त येतो. फ्रान्समधल्या रूआंमध्ये १६६० मध्ये ही झुडपं तोडण्याचा नियम झाला होता, अमेरिकेतल्या वसाहतींनीही अठराव्या शतकात तसे कायदे केले. विद्वान याला अडाणी समजूत म्हणायचे. त्यांचं म्हणणं, बारबेरीच्या पानावर येणारे नारिंगी पेले आणि गव्हावरचा तांबेरा यांत काहीच साम्य नाही, बीजाणूही वेगळे. डेन्मार्कमध्ये निल्स श्योलर नावाचे एक गावातले शाळामास्तर होते, त्यांनी १८१६ मध्ये बारबेरीची रोगट पानं घेऊन राय नावाच्या धान्याच्या झाडांवर चोळली. काही दिवसांत तेवढ्याच झाडांवर तांबेरा आला. पण खेड्यातल्या मास्तरांचं कोण ऐकतं! (शिक्षक मित्रांनो, हे नाव तुमच्या लक्षात राहावं म्हणून मुद्दाम लिहिलं.)

द बारींनी गव्हाच्या काडावर हंगामाच्या शेवटी येणारे काळपट बीजाणू घेतले. हे दोन पेशींचे असतात, जाड तपकिरी भिंतीचे, थंडीत टिकून राहणारे. वसंतात ते रुजवले की त्यांना एक छोटा दांडा फुटतो आणि त्यावर चार नाजूक, पातळ भिंतीचे बीजाणू येतात. हे नाजूक बीजाणू त्यांनी गव्हाच्या पानांवर टाकले. काहीही झालं नाही. एखाद्यानं इथे वही मिटली असती. द बारींना वाटलं, शेतकरी म्हणतात ते बघू. त्यांनी तेच बीजाणू बारबेरीच्या कोवळ्या पानावर टाकले. नळी फुटली, पानाच्या पेशीत शिरली, आणि काही दिवसांनी पानावर पिवळे ठिपके व खालच्या बाजूला तेच नारिंगी पेले. मग १८६५ मध्ये त्या पेल्यांतले बीजाणू त्यांनी रायच्या पानांवर टाकले. तिथे ते श्वासरंध्रातून आत गेले आणि तांबेरा आला.

म्हणजे हा एकच जीव. अर्धं आयुष्य एका घरी, अर्धं दुसऱ्या घरी, आणि प्रत्येक घरी वेगळा वेश. पूर्ण मोजले तर त्याचे बीजाणूंचे पाच प्रकार आहेत, त्यातल्या एकाचं काम काय हे द बारींनाही कळलं नव्हतं. ते १९२७ मध्ये कॅनडात क्रेगी यांनी शोधलं. शेतकऱ्यांची दोनशे वर्षांची तक्रार मात्र खरी ठरली.

तुमच्या मनात येईल, मग आपल्याकडे कुठे आहे बारबेरी? आयुर्वेदातली दारुहळद त्याच वंशातली. ती हिमालयात आहे, तिची भावंडं निलगिरीतही आहेत. पण भारतातलं गणित वेगळं निघालं. आग्रा कॉलेजचे प्राध्यापक करम चंद मेहता यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं, की आपल्या मैदानी भागातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू मरून जातात. ते टिकतात डोंगरांवर, जिथे थंड हवेत गव्हाची झाडं उन्हाळ्यातही उभी असतात, आणि तिथून वाऱ्यानं खाली येतात. बारबेरीचा इथे फारसा हात नाही. दक्षिणेत आणि मध्य भारतात काडावरचा तांबेरा येतो तो निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून. आपल्या महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. सहलीला स्ट्रॉबेरी खाऊन येतो आपण, पण हे केंद्र तिथे आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. गेरवा म्हणजे तांबेराच.

१८६७ मध्ये द बारी हाले विद्यापीठात गेले. पुढे जर्मनी-फ्रान्स युद्ध झालं, श्ट्रासबुर्ग जर्मनीकडे आलं आणि तिथे १८७२ मध्ये नवं विद्यापीठ उभं राहिलं. द बारी तिथे प्राध्यापक झाले, त्याचे रेक्टरही झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशीचे विद्यार्थी येऊ लागले. रशियाचे वोरोनिन आले, ज्यांनी पुढे कोबीच्या मुळांना गाठी आणणारा जीव शोधला. बुरशीच्या आडव्या भिंतीजवळ छिद्र बुजवणारे जे सूक्ष्म कण असतात, त्यांना आज वोरोनिन यांचंच नाव आहे. अमेरिकेचे फार्लो आले, रशियाचेच विनोग्राद्स्की आले. फ्रान्सचे मियार्दे फ्रायबुर्गच्या काळातच त्यांच्याकडे शिकून गेले होते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रण वेगळं सांगायला नको. मोरचूद आणि चुना. १८८५ मध्ये द्राक्षाच्या केवड्यावर हे मिश्रण जगापुढे आणलं ते या मियार्दे यांनी. केवड्याचा जीवही करप्याच्याच कुळातला, पाण्याच्या थेंबात पोहणारा. पोहणाऱ्या जीवाला पाण्यातच गाठायचं तर आधी तो पोहतो हे माहीत असायला हवं.

सहजीवन हा शब्द आपण परिसर अभ्यासात शिकवतो. त्यासाठीचा सिम्बायोसिस हा शब्द द बारींनी १८७८ मध्ये कासेल शहरातल्या व्याख्यानात मांडला. उदाहरणांत दगडफूल होतं. होय, आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच गटातलं, शेवाळ आणि बुरशी मिळून झालेलं. पण एक फरक लक्षात ठेवा. आपण सहजीवन म्हणजे दोघांचा फायदा असं शिकवतो. द बारींच्या मनात फायद्या-तोट्याची अट नव्हती. वेगवेगळ्या जातींचे जीव एकत्र राहतात, एवढंच. त्यात एकमेकांना मदत करणारेही आले आणि तांबेऱ्यासारखे एकाच्या जिवावर जगणारेही. पानाच्या पेशीत सोडलेला पोहरा आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला मैत्री आणि लुबाडणूक यांच्यामधली रेघ एवढी ठळक दिसली नसणार.

आता त्यांना न सापडलेल्या गोष्टीबद्दल. बटाट्याच्या करप्याला त्यांनी १८७६ मध्ये नवं नाव दिलं, फायटोफ्थोरा, म्हणजे वनस्पतींचा नाश करणारा. त्याच्या जवळच्या नातेवाइकांमध्ये नर आणि मादी भाग एकत्र येऊन जाड भिंतीचा एक गोल बीजाणू तयार होतो. तो दुष्काळ, थंडी सगळं सोसून जमिनीत पडून राहतो. करप्याच्या जीवातही तो असणार असं सगळ्यांनाच वाटत होतं. तो मिळाला तर रोग जमिनीत किती टिकतो हे कळणार होतं. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीनं द बारींना त्या कामासाठी मदत दिली. ते शोधत राहिले. पानं, खोडं, कंद, पुन्हा पानं.

तेवढ्यात १८७५ मध्ये इंग्लंडमधल्या वर्दिंग्टन स्मिथ यांनी जाहीर केलं की तो बीजाणू आपल्याला सापडला. चित्रं छापली, गाजावाजा झाला, सुवर्णपदकही मिळालं. द बारींनी तपासलं आणि १८७६ च्या अहवालात लिहिलं, की हे बीजाणू करप्याचे नाहीत, कुजक्या बटाट्यावर वाढणाऱ्या दुसऱ्याच एका जीवाचे आहेत. धागा एका जीवाचा आणि बीजाणू दुसऱ्याचा, दोन्ही एकाच पानात शेजारी. दोघांचा सांधा दाखवल्याशिवाय हे त्याचे म्हणता येत नाही, हा त्यांचा आग्रह बाविसाव्या वर्षी होता तोच. आणि त्याच अहवालात त्यांनी स्वतःलाही तो बीजाणू सापडलेला नाही हे सरळ लिहून टाकलं. ज्या संस्थेनं काम दिलं तिच्याच नियतकालिकात असं लिहिणं सोपं नसतं. आपल्याकडे प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आधी लिहून मग निरीक्षणं भरली जातात, ते आठवतं अशा वेळी.

नंतरच्या वर्षांत त्यांनी बुरशी आणि जीवाणूंवर मोठी पुस्तकं लिहिली. १८८६ मध्ये आणखी एक वेगळी बाजू पुढे आणली. काही बुरशी पोहरा सोडून जिवंत पेशीवर जगत नाहीत. त्या आधी असा रस सोडतात की झाडाच्या पेशींच्या भिंती विरघळतात, पेशी मरतात, मग धागा त्या मेलेल्या भागात वाढतो. म्हणजे जिवंत ठेवून खाणारे आणि मारून खाणारे, असे दोन पंथ. आज रोगशास्त्रात हाच भेद पायाभूत मानतात.

त्यानंतर थोड्याच काळात त्यांच्या जबड्याला गाठ झाली. शस्त्रक्रिया झाली, पण उपयोग झाला नाही. १९ जानेवारी १८८८ रोजी श्ट्रासबुर्गला त्यांचं निधन झालं. सत्तावन्नावा वाढदिवस एका आठवड्यावर होता.

तो गोल, जाड भिंतीचा बीजाणू शेतातल्या बटाट्यावर भरपूर सापडला तो १९५० च्या दशकात, मेक्सिकोच्या डोंगराळ भागात. कारणही कळलं. करप्याच्या जीवाचे दोन गट असतात आणि हा बीजाणू सहसा दोन्ही गट एकत्र आल्यावरच होतो. द बारींच्या काळात युरोपात पोचलेला होता तो एकच गट. त्यांनी आणखी वीस वर्षं शोधलं असतं तरी तिथल्या शेतात तो सापडणं जवळजवळ अशक्यच होतं. दुसरा गट १९८० च्या दशकात युरोपात आढळला, आणि आता तिथल्या बटाट्याच्या शेतांतही हे बीजाणू मिळतात.